कोल्हापूरचा नंबर, चिकोडीचा ताबा : जुन्या कंटेसाची मालकी कशी शोधावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्नाटकातील चिकोडी तालुक्यात एका तंबाखूच्या गोदामात १९८६ सालची हिंदुस्थान मोटर्सची कंटेसा गाडी उभी आहे. तिचा क्रमांक ‘एम’ने सुरू होणारा, जुन्या तीन अक्षरी पद्धतीचा आहे. आरसी बुकात दोनच नावे असून शेवटचे नाव कोल्हापूरच्या एका गृहस्थांचे आहे. विकणारे सावकार मात्र स्वतःला पाचवे मालक म्हणवतात आणि पुरावा म्हणून सह्या केलेले कोरे २९ व ३० नंबरचे, म्हणजे मालकी बदलाचे, फॉर्म दाखवतात. पुस्तकात इंजिन १४८९ सीसीचे लिहिले आहे आणि बॉनेटखाली जपानच्या इसुझु कंपनीचे इंजिन बसवलेले आहे. या गाडीचा खरा इतिहास कसा शोधावा आणि तोवर इसार द्यावा की नाही, असे आपण विचारले आहे.

इसाराचे आधी सांगतो : तूर्त एक रुपयाही देऊ नये. सावकार खोटे बोलत आहेत असे मला सुचवायचे नाही; ते सांगतात ते सगळे खरेही असू शकेल. परंतु गेली पंचवीस वर्षे बेळगावात जुन्या गाड्या उभ्या करण्याचे आणि त्यांचे कागद सरळ करण्याचे काम करताना मला एक गोष्ट पक्की कळली आहे, ती अशी की आपल्या भागात गाडीच्या मालकीच्या दोन साखळ्या असतात. एक साखळी नोंदीची, म्हणजे आरटीओच्या दफ्तरात जी नावे चढली त्यांची. आणि दुसरी ताब्याची, म्हणजे ज्यांच्या दारात गाडी प्रत्यक्ष उभी राहिली त्यांची. पुण्या-मुंबईत या दोन साखळ्या बऱ्यापैकी बरोबर चालतात. निपाणी, चिकोडी, कागल, गडहिंग्लज या पट्ट्यात त्या कुठेतरी एकमेकींना सोडून जातात, कारण मध्ये राज्याची हद्द आहे. इतिहास शोधायचा म्हणजे त्या कुठे, केव्हा आणि कोणाच्या हातात सुटल्या ते शोधायचे.

सुटतात कशा, तेही समजून घ्यावे. कोल्हापुरात नोंदलेली गाडी चिकोडीच्या माणसाने घेतली, तर कायद्याप्रमाणे कोल्हापूर आरटीओकडून २८ नंबरच्या फॉर्मवर ना हरकत घ्यावी लागते, आणि गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक राहिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. नवा क्रमांक म्हणजे कर्नाटकाचा कर नव्याने भरणे, महाराष्ट्राने आधी घेतलेल्या कराचा परतावा मागणे, आणि दोन्ही कार्यालयांत खेटे घालणे. निपाणीहून कागल हाकेच्या अंतरावर असताना हा खटाटोप करणारे थोडेच. म्हणून गाडी जुन्याच क्रमांकावर फिरत राहिली, सह्या केलेले कोरे फॉर्म पाकिटात गाडीबरोबर एका हातातून दुसऱ्या हातात गेले, आणि दफ्तरात मालक जिथल्या तिथे राहिला. आपल्या गाडीचे असेच झाले असावे, असा माझा अंदाज आहे.

कंटेसाला स्पोर्ट्स सेडान म्हणावे की नाही यावर जाणकार वाद घालतील. तिचे मूळ इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या सत्तरीच्या दशकातील व्हिक्टर आणि व्हीएक्स या गाड्यांत आहे, आणि त्याच घराण्यात व्हीएक्स ४/९० ही खरोखर दौडणारी गाडीही होती. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ च्या सुमारास कंटेसा बाजारात आणली तेव्हा त्या लांबरुंद अंगाखाली ॲम्बेसेडरचेच १४८९ सीसीचे इंजिन होते, त्यामुळे रूप पैलवानाचे आणि दम शाळकरी पोराचा अशी तिची गत होती. पुढे इसुझुचे १.८ लिटरचे इंजिन आणि पाच गिअरची पेटी आली तेव्हा ती ‘क्लासिक’ झाली आणि रूपाला साजेशी पळू लागली. २००२ साली उत्पादन थांबले. हा तपशील केवळ हौसेचा नाही. आपल्या गाडीच्या इतिहासाचा एक धागा नेमका या इंजिनबदलातच अडकलेला आहे, त्याकडे पुढे येतो.

शोधाची सुरुवात कागदापासून करू नये, गाडीपासून करावी. नंबरप्लेट दोन स्क्रूंवर बदलते. गाडीची ओळख चेसिस नंबरात असते. बॉनेटखाली रिव्हेट मारलेली कंपनीची पट्टी आणि पत्र्यावर ठोकलेला क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला पहिलीपेक्षा जास्त किंमत द्यावी. पट्टीच्या रिव्हेट जुन्या आणि रंगाखाली गेलेल्या असाव्यात. नव्या चकचकीत पॉप रिव्हेट दिसल्या तर पट्टी कधीतरी उतरवली गेली आहे, हे लिहून ठेवावे. ठोकलेल्या क्रमांकावर तारेचा ब्रश अजिबात मारू नये. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने तेलकट थर हळूहळू पुसून काढावा, कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे, आणि त्यावर पातळ कागद ताणून धरून पेन्सिल आडवी करून शिसे हलक्या हाताने फिरवावे. हा तोच पेन्सिल-छाप, जो आरटीओच्या फॉर्मवर मागतात आणि जो एजंट लोक घाईत एका फटक्यात काढून काळा करून टाकतात. छाप किमान तीन काढावेत, कारण एखादा आकडा एका छापात उठत नाही तो दुसऱ्यात उठतो.

असे का सांगतो, ते एका गाडीवरून लक्षात येईल. खानापूरकडच्या एका जुन्या गाडीचे पुस्तक आणि गाडी जुळत नव्हती : पुस्तकात चेसिसच्या शेवटून तिसरा आकडा ३ होता आणि पत्र्यावर ८ दिसत होता. विकत घेणाऱ्याला कोणीतरी ‘गाडी चोरीची आहे’ असे सांगून घाबरवून सोडले होते. आम्ही रॉकेल लावून रंग मऊ केला आणि दिव्याचा प्रकाश बाजूने टाकला, तर पत्र्यावर ८ च होता, स्पष्ट. मग मूळ कार्यालयातील नोंदवहीचा उतारा काढला. तिथेही ८ होता. चूक झाली होती दुसऱ्या कार्यालयात, पुस्तकाची दुसरी प्रत लिहिताना, कारण कारकुनाने ज्या छापावरून लिहिले त्या छापात आकड्याची डावी बाजू उठलीच नव्हती. चार महिने चाललेला वाद एका आकड्याच्या डाव्या बाजूचा होता. उलटही घडते : आकडे एका रांगेत नसणे, एकाची खोली दुसऱ्याहून वेगळी असणे, आजूबाजूला ग्राइंडरच्या आडव्या रेघा किंवा वेल्डिंगचा मणी दिसणे, यांपैकी काही आढळले तर पुढचा शोध थांबवून गाडी सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे इतिहासाचा प्रश्न उरत नाही, पोलिसांचा सुरू होतो.

छाप हाती आल्यावर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सेवेत क्रमांक, चेसिस आणि इंजिन घालून गाडी चोरीच्या यादीत आहे का ते पाहावे. हे काम घरबसल्या होते. मात्र अहवाल कोरा आला म्हणजे गाडी निष्कलंक ठरली, असे समजू नये. जुन्या काळच्या तक्रारी त्या यादीत पोहोचलेल्याच असतील असे नाही.

आता क्रमांकाकडे. ‘एम’ म्हणजे महाराष्ट्र, असे आपण गृहीत धरले आहे, आणि पुस्तकात कोल्हापूरचा पत्ता असल्यामुळे ते बरोबर असावे. तरी पुस्तकावरील नोंदणी कार्यालयाचा शिक्का डोळ्यांनी वाचल्याशिवाय खात्री धरू नये, कारण जुन्या पद्धतीत म्हैसूर राज्याच्या आणि नंतर कर्नाटकाच्या काही मालिकाही ‘एमवाय’, ‘एमई’ अशा ‘एम’नेच सुरू होत असत. गोव्याच्या गाड्या ‘जीडी’वरून लगेच ओळखू येतात. हे तीन अक्षरी क्रमांक १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाल्यानंतर नव्या नोंदणीसाठी मागे पडले आणि केए-२२ बेळगाव, केए-२३ चिकोडी, केए-२४ बैलहोंगल, केए-४९ गोकाक, एमएच-०९ कोल्हापूर, एमएच-१० सांगली असे संकेत रूढ झाले. पण आधी नोंदलेल्या गाड्यांनी आपला जुना क्रमांक जपला. म्हणून १९८६ च्या गाडीवर आजही तीन अक्षरे असणे, ही ती राज्य सोडून दुसरीकडे रीतसर नोंदली गेली नसल्याची मोठी खूण आहे. रीतसर बेळगावला आली असती, तर तिच्यावर केए-२२ दिसले असते आणि नोंदीत ‘पूर्वीचा क्रमांक’ म्हणून ही तीन अक्षरे असती.

जाता जाता एक सांगतो, कारण याच गोंधळात अडकलेले पत्र मला वरचेवर येते. आपली गाडी १९८६ ची असल्याने हे तिला लागू नाही. परंतु एखाद्याजवळ पन्नाशीच्या दशकातील डुक्कर फियाट असेल, तर लक्षात ठेवावे की १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्या दिवशी तो म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका तेवढा मागे राहून कोल्हापूरला जोडला गेला. त्यामुळे चंदगडच्या घरातील गाडीची पहिली नोंद बेळगावची असणे हे संशयाचे नव्हे, तर अगदी साहजिक आहे.

मूळ कार्यालय ठरले की तिथल्या नोंदवहीचा उतारा काढायचा. कायद्यात ही नोंदवही २४ नंबरच्या फॉर्ममध्ये ठेवली जाते. कर्नाटकात या उताऱ्याला सगळे ‘बी एक्स्ट्रॅक्ट’ म्हणतात आणि बेळगावच्या आरटीओ सर्कलला कोणालाही विचारले तरी तो शब्द कळतो. कोल्हापुरात मात्र त्याच गोष्टीला ‘आरसी पर्टिक्युलर’ म्हणावे, नाही तर समोरचा गोंधळतो. मोबाइलवरील एम-परिवहन या सरकारी ॲपवर समाधान मानू नये. तिथे मालकाचे नाव अर्धे झाकलेले असते आणि कितवा मालक एवढाच आकडा दिसतो. शिवाय आपल्यासारख्या जुन्या गाडीची नोंद संगणकावर चढलेलीच नसते, ती हाताने लिहिलेल्या जाड वहीत असते आणि ‘बॅकलॉग एन्ट्री’ करून घेतल्याशिवाय पडद्यावर काहीच उमटत नाही.

उतारा कोणाला मिळतो, हा कळीचा प्रश्न आहे. नोंदलेला मालक किंवा त्याने अधिकारपत्र दिलेला माणूस यांना अडचण येत नाही. त्रयस्थाने माहिती अधिकारात मागितले, तर व्यक्तिगत माहिती म्हणून कलम ८(१)(जे) पुढे केले जाते, किंवा कलम ११ खाली त्या मालकाला विचारणा होते, आणि त्यात चुकीचे काही नाही. आपला पत्ता कोणी अनोळखी माणसाने काढलेला आपल्यालाही आवडणार नाही. म्हणून मी माहिती अधिकाराचा मार्ग शेवटी ठेवतो. पुस्तकातील शेवटच्या मालकाच्या पत्त्यावर आधी साधे पत्र लिहावे, मग समक्ष जावे, आणि अधिकारपत्रावर सही मागावी. हे पाऊल पुढे कसेही टळणार नसते, मग ते पहिल्यांदाच टाकलेले बरे.

उतारा हाती आला की बहुतेक जण नावे मोजतात आणि घडी घालून ठेवतात. मी नावांच्या आधी तीन ठिकाणी पाहतो. पहिले, कर कुठल्या तारखेपर्यंत भरला आहे, कारण ज्या वर्षी कर थांबला त्याच्या आसपास गाडी बहुधा हद्द ओलांडून गेलेली असते. दुसरे, बोजा. त्या काळी मोटारीचे कर्ज पुष्कळदा सहकारी बँकेचे किंवा पतसंस्थेचे असे. कर्ज फिटले तरी ३५ नंबरचा फॉर्म देऊन बोजा उतरवायचे राहून जाई. संस्था आता अवसायनात गेली असेल तर अवसायकाचे पत्र आणावे लागते, आणि त्याला महिने लागतात. तिसरी आणि आपल्या भागात सर्वांत बोलकी नोंद म्हणजे ना हरकत दिल्याची. कित्येक गाड्यांच्या बाबतीत कोल्हापूरच्या वहीत ‘बेळगावसाठी ना हरकत दिली’ असे लिहिलेले असते आणि बेळगावच्या वहीत ती गाडी कधी आलेलीच नसते. कागदावर ती निघाली, पण पोहोचली नाही. प्रत्यक्षात कोगनोळीची हद्द ओलांडून पंचवीस-तीस वर्षे सुखेनैव फिरली. अशा वेळी दोन्ही दफ्तरे पाहावी लागतात, कारण कलम ४७ प्रमाणे नवे कार्यालय जुन्याशी पत्रव्यवहार करून नोंद आपल्याकडे ओढून घेते आणि त्या पत्रव्यवहाराची खूण दोन्हीकडे राहते. ती खूण कुठेच नसेल, तर आधी ती जुनी ना हरकत रद्द करून घेऊन गाडी कागदोपत्री पुन्हा कोल्हापूरला आणावी लागते आणि मग पुढचे सुरू होते.

नावांच्या स्पेलिंगवरून उगाच संशय घेऊ नये, पण दुर्लक्षही करू नये. एकाच माणसाचे नाव कोल्हापूरच्या वहीत इंग्रजीत एक, विम्याच्या कागदावर दुसरे आणि कर्नाटकातील ग्रामपंचायतीच्या कन्नड दाखल्यात तिसरे असू शकते. कन्नड सहा आणि नऊ यांत चुकणारे तर मी रोज पाहतो. वडिलांचे नाव आणि गाव जुळते का, यावर भर द्यावा.

आता ताब्याची साखळी. सावकारांजवळचे २९-३० चे फॉर्म मागून घ्यावेत आणि नीट पाहावेत, फोटोत नव्हे, प्रत्यक्ष. हे फॉर्म १९८९ च्या केंद्रीय नियमांतले आहेत. तेव्हा सही करणारा गृहस्थ त्याआधीच वारलेला असेल, तर त्या सहीबद्दल बोलण्यासारखे काही उरतच नाही. सोबत स्टँप पेपरवर विक्रीचा करार असेल, तर पुढची बाजू वाचण्याआधी मागची पाहावी : कोणाच्या नावे, कोणत्या तारखेला आणि कुठल्या विक्रेत्याकडून तो घेतला आहे ते तिथे लिहिलेले असते. जुन्या स्टँप पेपरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हे खानापूरच्या तेलगीच्या बनावट स्टँप पेपर प्रकरणानंतर बेळगाव जिल्ह्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

विम्याच्या जुन्या पॉलिसी फार उपयोगी पडतात, मात्र त्या वाचण्याची रीत वेगळी आहे. पॉलिसी बहुधा पुस्तकातल्या मालकाच्याच नावे निघत राहते, त्यामुळे नावावरून काही कळत नाही. परंतु ज्या गावच्या शाखेतून आणि ज्या एजंटामार्फत ती निघाली, ते गाव ताबेदाराचे असते. १९९५ पर्यंत कोल्हापूर आणि १९९६ पासून निपाणी असे दिसले, तर साखळी कुठे सुटली ते वर्षासकट कळते.

कागद संपले की माणसे. आपल्या भागात कंटेसा ही लपून राहणारी गाडी नव्हती. ती साखर कारखान्याच्या संचालकाकडे, तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे, एखाद्या डॉक्टरकडे किंवा कॅम्पातल्या लष्करी अधिकाऱ्याकडे असे, आणि गावातली निम्मी लग्ने तिच्यातून झालेली असत. नवरदेवाच्या अल्बममध्ये फुलांनी मढवलेल्या बॉनेटखाली नंबरप्लेट स्पष्ट दिसते आणि लग्नाची तारीख पत्रिकेवर छापलेली असते. यापेक्षा चांगला दिनांकित पुरावा मला सरकारी दफ्तरातही क्वचित मिळाला आहे. काचेवरील अर्धवट खरवडलेले स्टिकर, कारखान्याच्या गेटचा पास, डिकीवरील विक्रेत्याची पट्टी, सीटखाली सापडणारी बॅटरीची वॉरंटी, हे सगळे जपून ठेवावे. गाडी ‘साफ करून देतो’ असे सावकार म्हणाले तर नम्रपणे नको म्हणावे. धुण्यात इतिहास वाहून जातो.

मिस्त्री लोकांना विचारताना ‘ही गाडी कुणाची होती?’ असे विचारू नये. मी एकदा एका म्हाताऱ्या मिस्त्रीमामांना असेच विचारले, तर ते म्हणाले, “मालक कोन ते मला न्हाई म्हाईत ओ. पर ह्या गाडीची पाच गिअरची पेटी कुनी बशिवली ते सांगतो की.” आणि त्यांनी तेलाने काळी झालेली वही काढून तारीख, खर्च आणि पैसे देणाऱ्याचे नाव दाखवले. मिस्त्रीला माणूस आठवत नाही, काम आठवते. कामाबद्दल विचारले की माणूस आपोआप निघतो.

आपल्या गाडीचे इंजिन इथेच कामाला येते. जुने १४८९ सीसीचे इंजिन पुशरॉडचे, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारा कॅम खाली ब्लॉकात असलेले, आणि सोबत चार गिअर. इसुझुला कॅम डोक्यावर आणि सोबत बहुधा पाच गिअर. १९८६ चे पुस्तक आणि १४८९ सीसी हे एकमेकांशी जुळते, म्हणजे गाडी मूळची तशीच होती आणि इसुझु नंतर बसवले. तो बदल कलम ५२ प्रमाणे पुस्तकात चढवायला हवा होता, तो चढवलेला नाही. मग हे इंजिन आले कुठून? अपघातात गेलेल्या दुसऱ्या कंटेसाचे असू शकते, किंवा नव्वदीच्या दशकात इसुझुचे हेच १.८ लिटर इंजिन घेऊन निघालेल्या ॲम्बेसेडरचेही असू शकते. म्हणून ब्लॉकवरील इंजिन नंबरचा वेगळा छाप काढावा आणि ‘वाहन समन्वय’मध्ये तोही स्वतंत्रपणे तपासावा. इंजिन दुसऱ्या एखाद्या गाडीच्या नोंदीत जिवंत निघाले, तर त्या गाडीचे काय झाले हे कळेपर्यंत पुढे जाता येणार नाही. इंजिनाची खरेदी पावती किंवा मिस्त्रीच्या वहीतील नोंद मिळाली, तर ज्याने पैसे दिले तो त्या तारखेचा ताबेदार, हे ओघानेच आले. पुस्तकात नसलेली मधली दोन नावे शोधण्याचा आपल्या बाबतीत मला हाच सर्वांत जवळचा रस्ता वाटतो.

एवढा खटाटोप करून शेवटी नाव तर कोल्हापूरच्या गृहस्थांच्या सहीनेच बदलायचे, मग मधल्या दोघांचा शोध कशाला, असे आपल्याला वाटेल. प्रश्न रास्त आहे. कायद्याच्या लेखी मधल्या दोघांना मालक म्हणून स्थान नाही. नोंदलेला मालक तोच मालक, आणि गाडी विकून टाकली तरी नाव बदललेले नसेल तर अपघाताची भरपाई त्याच्यावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे. पण मधल्यांपैकी कोणाच्या हातात असताना अपघात झाला असेल, दावा चालू असेल, कोणी गाडीवर हातउसने पैसे घेतले असतील किंवा भावाभावांच्या वाटणीत ती आली असेल, तर ते भांडण गाडी रंगवून रस्त्यावर आणल्यावर आपल्या दारात येते. गोदामात पडून असलेल्या गाडीवर कोणी हक्क सांगत नाही. चकाचक कंटेसा संकेश्वरच्या बाजारातून गेली की हक्क सांगणारे निघतात. शिवाय कोल्हापूरच्या घरी जाल तेव्हा ‘आमच्या वडिलांनी गाडी विकलीच नव्हती, वापरायला दिली होती’ असे ऐकण्याची तयारी ठेवावी. त्या वेळी मधल्या खरेदीदारांची साक्ष आणि कागद एवढेच आपल्याजवळ असतील.

नोंदलेले गृहस्थ हयात असतील तर मार्ग सरळ आहे : कोरे जुने फॉर्म बाजूला ठेवून त्यांच्याकडून आजच्या तारखेचे नवे २९-३० घ्यावेत. ते वारले असतील तर सह्या केलेले जुने फॉर्म चुकूनही वापरू नयेत. मृत माणसाच्या सहीवर पुढची तारीख घालून नाव बदलणे हा सरळ गुन्हा आहे, मग एजंट कितीही ‘चालतंय की’ म्हणो. त्या स्थितीत ३१ नंबरच्या फॉर्मने आधी वारसाच्या नावे गाडी चढवावी आणि वारसाकडून आपण घ्यावी. मृत्यू दाखला, वारसांची कागदपत्रे आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. घराणे आपल्या कर्नाटकाच्या बाजूचे असते तर वंशावळीसाठी नाडकचेरी, म्हणजे तिथले स्थानिक महसूल कार्यालय, गाठावी लागली असती. इथे ते काम कोल्हापूरकडच्या महसूल कार्यालयात होईल.

त्यानंतरचा क्रम थोडक्यात : १९८६ पासूनची पंधरा वर्षे २००१ मध्ये संपली, म्हणून कोल्हापुरात नोंदणीचे नूतनीकरण, त्याच तपासणीत इंजिनबदलाची नोंद, बोजा असल्यास उतरवणे, मग ना हरकत, आणि मग चिकोडीला केए-२३. ‘व्हिंटेज’ म्हणून सवलतीत नोंद होईल असे कोणी सांगितले असेल तर ते विसरावे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली गाडीच त्यात बसते, म्हणजे आपल्या कंटेसाला २०३६ उजाडावे लागेल. शिवाय त्या वर्गातील गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

किमतीबद्दल आपण विचारलेले नाही, तरी एक सुचवतो. सावकारांशी बोलताना मागितलेली सगळी रक्कम दोन हिस्स्यांत मांडावी. कोल्हापूरच्या वारसांनी सही देण्यापूर्वी काही मागितले तर ते सावकारांना मिळायच्या रकमेतून जाईल, हे आधीच लिहून घ्यावे, आणि दुसरा हिस्सा नाव बदलल्याच्या दिवशी द्यावा. सावकारांना हे पटले नाही तर गाडी आणखी काही महिने गोदामात राहील, तेवढेच. टायरखाली फळ्या सरकवून आणि बॅटरीची वायर सोडवून ठेवण्याची परवानगी मात्र आजच मागून घ्यावी, आणि त्याच फेरीत चेसिसचे तीन व इंजिनाचे तीन छाप काढून आणावेत.